कारागिरांमागे उरलेले पाइप

तंबाखू ओढण्याच्या एका साधनावर व्याख्यानमालेच्या ग्रंथात लेख यावा, हे काही वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. तंबाखू देहास अपायकारक आहे याविषयी आज शंका उरलेली नाही. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी आपापले अहवाल प्रसिद्ध केले, आणि पुढच्या संशोधनाने त्यांतील निष्कर्ष अधिकच पक्के झाले. पाइप ओढणाऱ्याची त्यातून सुटका नाही. ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे भय त्यालाही आहेच. तेव्हा प्रस्तुत लेख धूम्रपानाची भलामण करण्यासाठी लिहिलेला नाही. परंतु जुन्या पितळी अडकित्त्याच्या घडणीचे कौतुक करणाऱ्याने सुपारी खाल्लीच पाहिजे असे थोडेच आहे? वस्तूचा उपयोग सोडून द्यावा आणि तिच्यातील कारागिरी डोळ्यांआड होऊ देऊ नये, एवढीच आमची भूमिका आहे.

आमचा विषय इटलीत हाताने घडवलेल्या ब्रायरच्या पाइपांचा, आणि त्यांतही विशेषेकरून अशा पाइपांचा, की ज्यांचे कर्ते आज नाहीत. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्या देशात पाइपांचे मोठे कारखाने निघाले, लहान कार्यशाळा निघाल्या. त्यांतील कित्येक बंद पडल्या. त्यांचे पाइप मात्र जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि संग्राहकांच्या कपाटांत अजून आहेत. इतकेच नव्हे, तर कित्येकदा त्यांची नावेही फिरत आहेत. म्हणजे निराळ्याच हातांनी केलेल्या नव्या पाइपांवर जुनी नावे ठसवली जात आहेत. अशा वेळी एखादा जुना पाइप हाती आला तर त्यात काय पाहावे? नाव पाहावे की वस्तू? आमचे उत्तर 'वस्तू' असे आहे. आता वस्तू पाहायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र जरा विस्ताराने सांगावे लागेल.

प्रथम पाइपाची अंगे ओळखून घेऊ. तंबाखू भरायची ती वाटी. वाटीच्या बुडापासून निघणारा लाकडी दांडा. आणि दांड्याच्या टोकाशी बसवलेली, दातांत धरायची ती तोटी. वाटी आणि दांडा लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून निघतात, तोटी निराळ्या पदार्थाची असते. ज्याने आपल्याकडील चिलीम पाहिली आहे त्याला यातील फरक चटकन जाणवेल. चिलीम म्हणजे मातीची एक सरळ नळी; आत खडा टाकावा, खाली ओली छापी गुंडाळावी, आणि फुटली तर बाजारातून दुसरी आणावी. पाइपात धुराला वाटीच्या तळाशी वळण घ्यावे लागते. हे वळण एकाच ठोकळ्यात दोन बाजूंनी भोके पाडून साधायचे असते. वरून पाडलेले रुंद भोक आणि दांड्यातून पाडलेले बारीक भोक ही दोन्ही आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, एकमेकांस नेमकी मिळाली पाहिजेत. बारीक भोक थोडे वर निघाले तर तळाशी तंबाखू ओला राहतो. थोडे खाली गेले तर वाटीचे बूड पातळ होऊन पुढेमागे जळते. पाइप घडवण्याच्या विद्येतील निम्मे कौशल्य या एका भेटीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता लाकूड. कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया, तोस्काना, लिगुरिया, ग्रीस, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राभोवतालच्या मुलखात एरिका आर्बोरिया नावाचे, बारीक पांढऱ्या फुलांचे, पुरुषभर उंचीचे आणि कधी त्याहूनही उंच वाढणारे झुडूप असते. फ्रेंच लोक त्याला ब्रुयेर म्हणतात. त्याचेच इंग्रजांनी ब्रायर केले. इटालियन माणूस पाइपाच्या या लाकडाला 'रादिका' म्हणतो. 'मूळ' या अर्थाच्या शब्दापासून हे नाव आले आहे. वस्तुतः हे लाकूड मुळाचेही नव्हे आणि खोडाचेही नव्हे. खोड जेथे जमिनीत शिरते तेथे या झुडपाला एक गाठ धरते आणि ती वर्षानुवर्षे वाढत राहते. त्या प्रदेशात कोरड्या उन्हाळ्यात वणवे लागतात. वरचा सगळा विस्तार जळून जातो आणि पुढे पाऊस पडला की जमिनीतल्या या गाठीतून नवे कोंब फुटतात. झुडपाने आगीतून वाचण्यासाठी जी गाठ बांधली, तिच्यातच माणसाने आग ठेवायचे ठरवले! हे लाकूड अतिशय घट्ट असते, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, ते सहजी पेट घेत नाही, हाताला चटका बसेल इतकी उष्णता बाहेर येऊ देत नाही आणि तरीही धुरातील ओलावा थोडाफार शोषून घेते. इतके गुण एका ठिकाणी असलेले दुसरे लाकूड पाइपवाल्यांना सापडलेले नाही. बोरूबाभळीसारखे वाढणारे हे झाड नव्हे. चांगल्या पाइपाजोगी गाठ व्हायला तीस ते साठ वर्षे लागतात.

गाठ खणून काढली की तिची सगळ्यांत मोठी वैरीण म्हणजे वाळणे. उन्हात राहिली तर तडकते. म्हणून ती ओल्या मातीखाली किंवा ओलसर जागेत, वरचेवर पाणी शिंपडून ठेवतात. मग ती कापणाऱ्याकडे येते. इटालियन भाषेत त्याला 'सेगांतीनो' म्हणतात. आमच्या मते या साऱ्या धंद्यातील सर्वांत उपेक्षित मनुष्य हाच. पाइपावर त्याचे नाव कोठेही येत नाही. परंतु फिरत्या करवतीपुढे बसून, हातातील वेडीवाकडी गाठ फिरवीत, तिच्यात कोठे खडा अडकला आहे, कोठे चीर आहे, कोठून कापले असता रेघा सरळ येतील, हे तो क्षणभरात ठरवतो. त्याची एक चूक म्हणजे साठ वर्षांची वाढ वाया. गाठीच्या गाभ्याकडे लाकडाच्या रेघा गुंतागुंतीच्या असतात. बाहेरच्या सालीकडे जाताना त्या सूर्याच्या किरणांसारख्या पसरत सरळ होतात. म्हणून सालीकडचा मोठा तुकडा सर्वांत मोलाचा. तो तासून पाइप केला म्हणजे वाटीच्या बाजूंवर उभ्या, समांतर रेघा दिसतात; आणि त्याच रेघा जेथे आडव्या कापल्या जातात तेथे बारीक बारीक ठिपक्यांची दाटी दिसते. या ठिपक्यांना पाइपवाले 'पाखराचा डोळा' म्हणतात. रेघा आणि ठिपके ही दोन निराळी नक्षीकामे नव्हेत. ती एकाच तंतूची दोन दर्शने आहेत, एक बाजूने आणि एक टोकाकडून. ही गोष्ट ज्याला उमगली त्याला पाइप पाहण्याची पहिली किल्ली सापडली.

कापलेले ठोकळे मोठ्या हंड्यांत कित्येक तास उकळतात. पाणी तांबूस-काळे होते. लाकडातील चीक व कडवट तुरट द्रव्ये त्यात उतरतात. ही उकळण कमी पडली तर पाइप कडू लागतो. त्यानंतर ठोकळे अंधाऱ्या, हवेशीर पडवीत महिनोन्‌महिने वाळतात. आणि चांगल्या कार्यशाळेत आल्यावरही ते पुन्हा काही वर्षे मांडणीवर पडून असतात. हे पडून राहणे फुकट नसते. तेवढा पैसा अडकून पडतो, व्याज चढते, जागा लागते. पाइपाच्या मोलातला हा भाग डोळ्यांना दिसत नाही, आणि कारखाना अडचणीत आला की पहिली काटछाट होते ती बहुधा येथेच.

इटलीची गंमत अशी, की तिच्याकडे लाकूड आधी होते आणि पाइप मागाहून आले. ब्रायरचे पाइप करण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोद या गावी सुरू झाला. तेथे चरकावर लाकूड कातणाऱ्यांची जुनी वस्ती होती. तोवर युरोपात मातीचे पाइप चालत. श्रीमंतांकडे तुर्कस्तानातून येणाऱ्या मीर्शाम या पांढऱ्या मऊ खनिजाचे चालत. मातीचा पाइप फुटे आणि भाजे, साध्या लाकडाचा जळे. ब्रायरने या सर्वांना मागे टाकले, आणि इटलीच्या डोंगरांतील गाठी कापून, उकळून, ठोकळ्यांच्या रूपाने फ्रान्स व इंग्लंडकडे जाऊ लागल्या. कच्चा माल एकाचा, नाव दुसऱ्याचे, ही कथा आपल्या देशाने कापसाच्या बाबतीत पुरेशी भोगलेली आहे. तिचे स्पष्टीकरण येथे करावयास नको.

मिलान शहरात १८७६ साली आकिल्ले साविनेल्ली यांनी पाइपांचे दुकान काढले. दहाच वर्षांनी, १८८६ साली, वारेझे सरोवराजवळच्या बारास्सो येथे रोस्सी यांचा कारखाना निघाला. रोस्सींचा कारखाना पुढे इतका वाढला की जगातील मोठ्या पाइप-कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. शेकडो माणसे तेथे राबत. वारेझे सरोवराकाठची बारास्सो, गाविराते आणि जवळचे ब्रेब्बिया ही गावे म्हणजे पाइपांची पेठच झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली ब्रेब्बियाचा कारखाना उभा राहिला, आणि १९४८ साली साविनेल्ली घराण्यानेही बारास्सोच्या मोलीना वाडीत आपला स्वतःचा कारखाना घातला. हे दोन्ही व्यवसाय अजून टिकून आहेत.

परंतु आम्हांस ज्या वळणाविषयी सांगावयाचे आहे ते त्याच १९४७ साली, थोडे पूर्वेकडे, कांतू या गावी आले. कांतू हे मेज-खुर्च्या-कपाटे करणाऱ्या सुतारांचे आणि लेस विणणाऱ्या बायकांचे गाव. तेथे कार्लो स्कोत्ती यांनी 'कास्तेल्लो' नावाची कार्यशाळा काढली. कास्तेल्लो म्हणजे किल्ला. तोवर इटालियन पाइप म्हणजे इंग्रजी वळणाची स्वस्त नक्कल असा समज होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. स्कोत्तींनी पाइप मोठा केला, वाटीची भिंत जाड केली, आकाराला थोडे मांसल, भरदार वळण दिले. तोटीसाठी त्यांनी चालत आलेले काळे कडक रबर सोडून अ‍ॅक्रिलिक धरले. रबरात गंधक असते. उजेडात राहिले की त्यावर हिरवट-तपकिरी कळा चढते आणि ती वरचेवर घासून काढावी लागते. अ‍ॅक्रिलिक तसे काळवंडत नाही, दाताला मात्र कठीण लागते. पाइपवाल्यांत यावरून आजही दोन पक्ष आहेत आणि त्यांचा वाद मिटण्याचे चिन्ह नाही.

स्कोत्तींच्या हाताखाली काम केलेल्या दोघांनी, जुझेप्पे आस्कोर्ती आणि लुइजी रादिचे यांनी, १९६८ साली कांतूशेजारच्या कुचागो या खेड्यात 'कामिनेत्तो' ही स्वतंत्र कार्यशाळा काढली. जियानी दावोली हे व्यापाराकडे पाहत. (रादिचे या आडनावाचा अर्थ 'मूळ' असाच आहे. मुळाचे पाइप करणाऱ्याला आडनावही मुळाचेच मिळावे!) कामिनेत्तो म्हणजे लहानशी शेकोटीची जागा. तोटीवर मिशांची खूण, रांगडा पण नेटका आकार आणि खरवडून केलेला सुरेख खडबडीत पृष्ठभाग यांमुळे हे पाइप थोड्याच वर्षांत अटलांटिकपार गाजले. दक्षिणेकडे, एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेझारो गावी, जियांकार्लो ग्विदी यांनी १९७२ साली 'मास्त्रो दे पाया' आणि पुढे त्यातून बाहेर पडून १९८२ साली 'सेर याकोपो' या कार्यशाळा काढल्या. त्यांचा पिंड निराळा. चांदीची कडी, शिंग, बांबूचा तुकडा, तोटीवर पोवळ्याचा लाल ठिपका अशी त्यांची हौस. व्हॅन गॉग, माग्रित अशा चित्रकारांच्या चित्रांत जे पाइप दिसतात तेच लाकडात उतरवण्याची एक मालिकाही त्यांनी केली. माग्रितने १९२९ साली पाइपाचे चित्र काढून त्याखाली 'हा पाइप नव्हे' अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते, हे चित्रकलेच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. ग्विदींनी त्या चित्रापासून खरोखरचा पाइप केला. ही थट्टा आम्हांस फार आवडते.

या सालांकडे जरा लक्ष द्यावे. १९४७, १९६८, १९७२, १९८२. जगात पाइप ओढणारे कमी होत होते, सिगारेटने कधीच बाजी मारली होती, वैद्यकाने धोक्याची घंटा वाजवली होती. आणि नेमक्या याच काळात इटलीत हाताने घडवलेल्या पाइपाला बहर आला. यात वरवर विसंगती दिसते, परंतु ती तशी नाही. रोजच्या गरजेची वस्तू म्हणून पाइप मागे पडला तेव्हाच तो निवडून, पारखून घेण्याची वस्तू झाला. हजारो साधे पाइप खपेनासे झाले आणि थोडे उत्तम पाइप खपू लागले. त्यामुळे मार बसला तो मोठ्या कारखान्यांना. सान्द्रो पेर्तिनी १९७८ ते १९८५ पर्यंत इटलीचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि पाइपावाचून त्यांचे छायाचित्र विरळाच. १९८२ साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे शिक्षक एन्झो बेआर्झोत यांच्या तोंडातही पाइपच. साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे पाइप असा मिरवत होता, त्याच दशकात बारास्सोचा रोस्सींचा कारखाना शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर येऊन मिटला. इटलीने २००५ च्या जानेवारीत सार्वजनिक बंदिस्त जागी धूम्रपान बंद केले, तोवर पाइपाच्या मोठ्या कारखानदारीचा काळ संपलेला होता.

'बंद पडणे' हा शब्द आपण सहज वापरतो, पण पाइपांच्या बाबतीत त्याचे अर्थ एकसारखे नाहीत. रोस्सींचा कारखाना गेला तो यंत्रांसह, माणसांसह गेला. एकविसाव्या शतकात साविनेल्लींनी 'रोस्सी' हे नाव पुन्हा आपल्या पाइपांवर आणले. हे पाइप वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते शेजारच्याच मुलखातल्या एका जुन्या, अनुभवी कारखान्याचे आहेत. परंतु जुन्या रोस्सीशी त्यांचे नाते नावापुरते आहे. कामिनेत्तोची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. भागीदारी मोडली, रादिचे यांनी आपल्या नावाने वेगळे काम सुरू केले, आस्कोर्तींनी आपल्या. आस्कोर्ती १९८४ साली वारले आणि त्यानंतर त्यांचे पुत्र रोबेर्तो यांनी कामिनेत्तो हे नाव पुन्हा चालू केले. मग कामिनेत्तो बंद पडले म्हणावे की नाही? १९६८ सालचे, दोन मित्रांच्या एकत्र कामातून निघालेले कामिनेत्तो तर निश्चितच बंद पडले; परंतु त्यातील एकाच्या घरात, त्याच्या मुलाच्या हातात, ते हत्याराच्या सवयीसह उतरले. नुसते नाव विकत घेण्याहून हे निराळे आहे. आणि सेर याकोपोचे ग्विदी २०१२ साली वारले तरी कार्यशाळेचे काम त्यांच्यासोबतच्या माणसांनी पुढे चालू ठेवले. तेथे गेला तो डोळा, राहिले ते हात. एकाच 'बंद' या शब्दाखाली इतक्या तऱ्हा आहेत. जुन्या वस्तूंचा दुकानदार सर्वांना सारखेच 'दुर्मिळ' म्हणतो. तो त्याचा धंदाच आहे.

म्हणूनच पाइप हातात घेतल्यावर शिक्का शेवटी वाचावा, असे आम्ही सुचवू. आधी तोटी काढू नये. ती दांड्यात बसलेली असतानाच दोहोंमधील सांधा उजेडासमोर धरावा. चांगल्या कामात तेथून उजेडाची रेघही येत नाही आणि बोट फिरवले तर पायरी लागत नाही. दोन वस्तू जोडल्या आहेत असे बोटाला कळता कामा नये. मग तोटीच्या टोकाकडून केसाळ तार, म्हणजे पाइप साफ करण्यासाठी असते ती, आत सारावी. वाकड्या पाइपातसुद्धा ती न अडखळता वाटीच्या तळाशी निघाली तर भोके पाडणाऱ्याला सलाम करावा. ती नेमकी तळाच्या मध्यावर निघाली तर दोनदा करावा. वाकड्या पाइपात हे साधणे किती कठीण आहे ते सुताराला विचारावे. इटलीतल्या नामवंतांच्या पाइपांतही प्रत्येक वेळी ते साधलेले नसते. तोटीचे टोक किती जाड आहे तेही पाहावे. चार मिलिमीटरच्या आसपास असेल तर कारागिराने दातांचा विचार केला आहे. टोकाशी असलेली फट आतून पंख्यासारखी रुंदावत आली असेल, तर ती तोटी साच्यातून ओतून तशीच लावलेली नाही, तिच्यावर कोणी तरी बसून कानस चालवली आहे.

यानंतर लाकूड. नवखा मनुष्य गुळगुळीत, तांबूस, चकचकीत पाइपाकडे ओढला जातो. त्याने तो पाइप खिडकीशी न्यावा आणि सावकाश फिरवावा. ब्रायर जमिनीत वाढते, म्हणून तिच्यात वाळूचे कण, बारीक खड्डे सापडणे स्वाभाविक आहे. कितीतरी ठोकळ्यांमधून एखादाच अगदी निर्दोष निघतो. दोष निघाला की कारागिरापुढे वाटा असतात. एक, लुकण भरून, रंग देऊन तो झाकणे. लुकणात रेघ नसते आणि रंगही ते लाकडासारखा पीत नाही. उजेडात ते मेलेल्या डागासारखे दिसते. दुसरी वाट म्हणजे सारा पृष्ठभाग हत्याराने खरवडून, टोचून खडबडीत करणे. कास्तेल्लोचा 'सी रॉक' नावाचा पाइप समुद्राने खाल्लेल्या खडकासारखा दिसतो, तो या रीतीचा. इंग्रज कारखानदार वाळूचा झोत मारून मऊ लाकूड उडवीत आणि कठीण रेघा उठवीत. इटालियन कारागीर हेच काम हाताने, एकेक घाव घालून करीत, आणि म्हणून त्याच्या खडबडीतपणात त्या त्या माणसाचा हात दिसतो. घावांची खोली, त्यांची दिशा, वाटीच्या कडेशी येऊन ते कसे थांबतात, यांवरून जाणकार एका कार्यशाळेचे काम दुसरीपासून वेगळे काढतात. हे हस्ताक्षर ओळखण्यासारखे आहे. गुळगुळीत पण लुकण भरलेल्या पाइपापेक्षा खडबडीत पण निर्भेळ लाकडाचा पाइप आम्ही केव्हाही श्रेष्ठ मानू. पहिल्याला बाजारात मागणी अधिक असते, हा भाग निराळा.

तिसरी गोष्ट शब्दांत सांगणे अवघड. ती म्हणजे आकार. ठोकळ्यातील रेघा ज्या दिशेने धावतात त्या दिशेने आकार वळवला आहे, की आधी ठरवलेला आकार रेघांवर लादला आहे? कारखान्यात साच्याप्रमाणे फिरणारे यंत्र रेघ पाहत नाही. त्याच्या खाली येणारा प्रत्येक ठोकळा एकाच मापाचा पाइप होऊन बाहेर पडतो. हाताने काम करणारा ठोकळा पाहून, ओला करून पाहून, मग ठरवतो. म्हणून कुचागो किंवा पेझारो येथील पाइपांत एकाच आकाराचे दोन पाइप शेजारी ठेवले तरी ते जुळे भाऊ नसतात, फार तर सख्खे असतात. यावरून यंत्राचा पाइप टाकाऊ ठरतो असे मात्र नाही. बारास्सोच्या कारखान्यात चरकावरून निघालेल्या वाट्या शेवटी माणसाच्या हातूनच घासल्या, रंगवल्या, तोट्या बसवल्या जात. आणि स्वस्तातल्या पाइपालाही नीट उकळलेले लाकूड मिळावे अशी व्यवस्था ज्या कारखान्यात असते, तो कारखाना हजारो अनोळखी गिऱ्हाइकांशी प्रामाणिक असतो. एका धनिकासाठी एक उत्तम वस्तू करण्याइतकेच हे कठीण आहे.

एवढे झाल्यावर शिक्का वाचावा. दांड्याच्या बाजूवर तो ठसवलेला असतो. नाव, गाव, कधी आकाराचा अंक, कधी प्रत दाखवणारी अक्षरे. वस्तू पाहून जो अंदाज झाला त्याच्याशी शिक्का जुळतो का, एवढेच आता पाहायचे. जुन्या पाइपांचे दुर्दैव असे की ते विकण्यापूर्वी दुकानदार त्यांना फिरत्या कापडी चाकावर इतके घासतात, की शिक्का पुसट होतो, वाटीच्या कडा गोल होतात, आणि ज्या धारेवर कारागिराने तास घालवला असेल ती धार साबणाच्या वडीसारखी होते. या 'जीर्णोद्धारा'विषयी आमचे मत कठोर आहे. आतील कोळशाचा जाड थर काढावा, कारण तो वाढला की तापून वाटीला तडा देतो. तोटी स्वच्छ करावी. दांड्यातील चिकटा मद्यार्काने पुसावा. त्यापुढे हात आवरावा. कडेवरचा जुन्या आगीचा डाग आणि तोटीवरचे दातांचे व्रण हे वस्तूच्या आयुष्याचे आहेत. ते घालवून पाइप नवा होत नाही, फक्त कोणाचाच नाहीसा होतो.

संग्राहकांनी केलेल्या कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे. गाविराते येथे आल्बेर्तो पारोनेल्ली यांनी पाइपांचे एक संग्रहालय उभे केले आणि हजारो पाइप गोळा केले. एकाच मुलखातील शंभर वर्षांचे काम शेजारी शेजारी ठेवून पाहता आले, की कोणता आकार कोणाकडून कोणाकडे गेला हे दिसू लागते. एकेकट्या पाइपाकडे पाहून ते कधीच कळत नाही.

आता एकच गोष्ट उरली. कारखाना मिटला की यंत्रे विकली जातात, नाव विकले जाते, कामगार दुसरीकडे जातात किंवा घरी बसतात. पडवीत वाळत घातलेले ठोकळेही विकले जातात, आणि जाणते कारागीर ते आवर्जून घेतात. वीस-तीस वर्षे वाळलेले लाकूड नव्याने मिळवायचे तर तेवढीच वर्षे थांबावे लागेल. हे ठोकळे कोणी खणले, कोणी कापले, कोणी उकळले, हे विकत घेणाऱ्यास बहुधा माहीत नसते. त्यांच्यावर कोणाचाच शिक्का नसतो.